शेण कोणाचं?

...नाही, वाडीचा सत्कार झाला, मान्य आहे. पण मी म्हणतो, शेण कोणाचं? बसा, बसा पडवीत. चहा ठेवलाय, जरा वेळ लागेल. डोळ्यांत धूर जातोय? मग या अंगाला सरका. हां. तर तुम्हाला सांगतो, दोन हजार साल उजाडल्यापासून सगळ्यांना गावं आदर्श करायची घाई. आमच्या आरे-वारेच्या वाटेवरच्या या एवढ्याशा वाडीतही पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचा गंधार नावाचा तरुण आला. "काका, सगळ्यांनी मिळून एकच गोबर गॅस! धूरमुक्त वाडी! निसर्गाचं निसर्गाला परत!" आता आमच्याकडे सभेत नाही म्हणायची पद्धत नाही. सभेत माना डोलवायच्या आणि नाही ते घरी जाऊन म्हणायचं. देवळात ठराव झाला, चिरे आले, खड्डा झाला, लोखंडी टाकी बसली, नारळ फुटला, आणि मग गोदाकाकूंनी हळूच विचारलं, "पन ह्यात शेन कुनाचा घालायचा?"

तेव्हा कुठे लक्षात आलं हो! नांगर गेले, बैल विकले, पोरं मुंबईला, गोठ्यांत मोटारसायकली. अख्ख्या वाडीत ढोर म्हणावं असं एकच, माझी कपिला, कलमांच्या खतासाठी ठेवलेली. सगळ्या माना माझ्याकडे. वाडीप्रमुख आत्माराम आवाज मऊ करून म्हणतो, "राजाभाव, तुमी काय परके हाव काय? गाय तुमची, पन शेन वाडीचा." घ्या.

आणि मी तर कपिलाला देवरूखला मेहुण्याकडे देणार होतो! का? तर पुण्यात लेकीकडे नातवाची, वरदची मुंज. म्हटलं, गाय गेली की मी नि आमची ही, मालिनी, निवांत महिनाभर जाऊ. माझ्या वयाच्या माणसाला दुसरं काय हवं असतं? तर आत्माराम म्हणतो, "गाय गेली तर चुली पुन्ना पेटतील, पाप कुनाला लागंल?" बरं, दुसऱ्या कुणावर सोपवावी, तर कपिला माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. आत्मारामने एकदा प्रयोग केला, नंतर कितीतरी दिवस तिरका चालत होता.

एका गाईच्या शेणात गॅस तो किती येणार? एका चहापुरता! मग घरांच्या पाळ्या लागल्या. पाळ्यांवरून भांडणं. शेजारच्या जनीने गोदाकाकूंच्या पाळीला कुळथाचं पिठलं रटरटवलं, म्हणून गॅसच्या कॉकला कुलूप आणि किल्ली आत्मारामच्या करगोट्याला. टाकीतून निघणारी मळी तरी माझ्या कलमांना? छे, ती सामूहिक. आणि शेण कोणाचं?

मग तपासणीची समिती आली, निळी ज्योत बघून खूश झाली, वाडीला बक्षीस! शाल आत्मारामला, नारळ गंधारला, हार कपिलाला. तिने तो खाल्ला, फोटो छान आला. वर बक्षीस म्हणून अख्ख्या वाडीला दुसरं आदर्श गाव बघायला दौरा, एस.टी.ची वेगळी गाडी, पुण्यावरून जाणारी. आणि नेमका मुंजीच्याच आठवड्यात! म्हटलं, देव आहे. मालिनी आत बसली, माझा पाय पायरीवर, आणि आत्मारामने माझी पिशवी धरली. "राजाभाव, तुमी आलाव तर गायीकडं कोन बघनार?"

काल वरदचा फोन. "आजोबा, माझ्या मुंजीला तुमची सगळी वाडी जेवून गेली. तुम्हीच का नाही आलात?" आत्मारामने म्हणे जिलबी तीनदा मागून घेतली. मी म्हटलं, "बाळा, आजोबा पर्यावरण सांभाळतायत." हसला तो. मला वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. मुंडावळ्यांतला नातू पुन्हा थोडाच बघायला मिळणार?

म्हटलं, निदान वाडी रिकामी आहे तोवर गॅस तरी सगळा माझा. ती बघा, टाकी गॅसने कशी टरारून वर आलीय. पण कॉकला कुलूप, आणि किल्ली पुण्याला जिलब्या खायला गेलेली. म्हणून ही चूल पेटवली. बक्षीसपात्र धूरमुक्त वाडीत आज एकच धूर आहे, आणि तो माझ्या घरातून निघतोय.

झाला चहा, घ्या. आणि जाताना गोठ्यापाशी जपून हो, पाय पडेल. माझं काही नाही... ते वाडीचं आहे.