सरांच्या गेटासमोरची कढई

माझं माहेर तोरणमाळच्या पायथ्याचं, सासर कळसाडीचं, आणि मधलं सगळं आयुष्य चुलीपुढचं, असं म्हटलं तरी चालेल भाऊ. माहेरी आम्ही घरात वेगळं बोलायचो, इथे आल्यावर सासूने अहिराणी शिकवली. शाळेची मराठी मला पोरीने शिकवली, दिपालीने, तिचा धडा मी पाठ करून घ्यायची म्हणून. मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहतात, मी गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तुम्हीही तिथलेच ना, माझी खिचडी खाऊन ग्रॅज्युएट झालेले, म्हणून तुम्हाला सांगते, नीट लिहा, पण माझं बोलणं गोड करू नका.

दिपालीला लष्करात अधिकारी व्हायचं होतं. शिपाई नाही, अधिकारी. बारावीत होती तेव्हा पेपरात वाचलं की आता पोरींनाही लष्कराच्या त्या अकॅडमीत घेतात, आणि तिने मला खिचडीच्या पातेल्याशी येऊन सांगितलं, माय, मी फॉर्म भरू का. मी म्हटलं भर. मला काय माहीत फॉर्म कसला. लोणखेड्याच्या रस्त्याला एका सरांचा फौजेच्या परीक्षांचा क्लास आहे, तिथे घातली. पळण्यात पुढे, गणितात पुढे, लेखी परीक्षा पास झाली, मग भोपाळला जाऊन मुलाखतही पास झाली. काय सांगू तुम्हाला, तेव्हा गावात माझी मान अशी होती. सरांनी गेटावर तिचा एवढा मोठा फोटो लावला, खाली आमची यशस्वी विद्यार्थिनी.

राहिली फक्त मेडिकल. सर म्हणाले, कानात मळ सापडला तर परत पाठवतात, आपल्याकडे सगळ्यांचे कान साफ करून देतात. साफ करून देतात म्हणजे त्यांचा शालक करायचा. कधीकाळी कुठल्या दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे. आतल्या खोलीत पिचकारी आणि चिमटा घेऊन बसायचा, पोरं रांगेने. दिपालीने ओरडून डोकं मागे घेतलं तर तो म्हणाला, फौजेत जायचंय आणि एवढ्याने रडते का. घरी येऊन झोपली, तर सकाळी उशीला रक्ताचा डाग. मी सरांना फोन केला, ते म्हणाले थोडं येतंच आक्का, घाबरू नका.

मिलिटरीच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या. दिपाली सांगते, फार मायेने बोलल्या, बेटा, पडद्याला भोक आहे, कोणी केलं हे. अनफिट. अपिलाला मुदत होती, पण तेवढ्यात पडदा भरला नाही, दुसऱ्यांदाही तेच. आणि त्या परीक्षेचं तिचं वय तेवढंच उरलं होतं, पुढच्या खेपेला बसता येणार नव्हतं. पोर घरी येऊन ट्रंक न उघडता तशीच ठेवून झोपली.

मी सरांकडे गेले. भांडायला नाही हो, विचारायला गेले. सर खुर्चीतून उठले नाहीत. तुन्ही पोर विहिरमा पव्हस आक्का, तठेच फुटना व्हई पडदा. मी म्हटलं, सर, मन्ही पोर विहिरीत कधी उतरली नाही, तिला पाण्याची भीती वाटते. ते म्हणाले, पोरींचं नाजूक असतं, आता लग्नाचं बघा. शालक शेजारी उभा राहून दात कोरत होता. बाहेर आले तर गेटावर दिपालीचा फोटो तसाच, हसरा, आणि एक बाप आपल्या पोराला दाखवत होता, बघ, खेड्यातली पोर बघ कुठे पोचली.

घरी येऊन मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, जाऊ दे वं, मोठा माणूस शे तो, आपले काय करनं शे. मी म्हटलं, तुम्ही ऊस वाहा.

खिचडी दुपारी संपते. संध्याकाळच्या बॅचच्या वेळेला मी सरांच्या गेटासमोर, बरोबर त्या फोटोखाली, हातगाडीवर शेगडी मांडली. भजी आणि चहा. आईबाप पोरांना सोडायला आले की माझ्याकडे थांबायचे, आणि मी भजी देता देता म्हणायची, तो फोटो माझ्या पोरीचा आहे, ती कुठे पोचली नाही, घरी आहे, कान दाखवायचे तर कानाच्या डॉक्टरला दाखवा, आत नका दाखवू. एवढंच बोलायची, शिवी एक नाही. सर बाहेर आले, आक्का, आठे काबरं बठी ऱ्हायनी? मी म्हटलं, रोड सरकारना शे सर, कढई मन्ही शे. मग त्यांनी फोटो काढून टाकला. मी फ्लेक्सवाल्याकडून तोच फोटो छोटा करून आणला आणि माझ्या गाडीला टांगला. दोन पोरं फुटली, चार फुटली, पण क्लास काही बंद पडेना, लोक म्हणायचे बाई दुःखाने बोलते.

सरांची पोरगी कृतिका माझ्याकडे मिरचीची भजी खायची, बापाच्या नकळत. चांगली पोर, तिचा काही दोष नाही. तीही त्याच परीक्षेत पास झाली, मेडिकलही पास. एकटीच आली होती तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाली, आक्का, माझे कान पप्पांनी नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे नेऊन तपासले, म्हणाले मामाला हात लावू द्यायचा नाही.

भाऊ, ऐकलंत ना. म्हणजे त्याला माहीत होतं. इतके दिवस मला वाटत होतं, माणूस बेफिकीर आहे. त्याला माहीत होतं.

मी तिला आणखी दोन भजी दिली आणि ते पोटात ठेवलं. नव्या बॅचच्या प्रवेशाचा दिवस आला, गेटावर कृतिकाचा हार घातलेला फोटो, आईबापांची ही गर्दी, सरांच्या कपाळाला टिळा. पोरगी माझ्याकडे आली तशी मी मोठ्याने विचारलं, बेटा, तुझे कान आतच साफ केले ना, मामाने? तिने सरळ सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच. एका टोपीवाल्या बाबांनी विचारलं, मामा म्हणजे कोण? मी म्हटलं, तोच, आत पिचकारी घेऊन बसलाय तो. बाबांनी सरांकडे पाहिलं. सर आपल्या पोरीकडे बघत होते. बाबांनी पोराचं दप्तर उचललं आणि मोटरसायकलला किक मारली, त्यांच्या मागे दुसरे, मग तिसरे. शालकाची खोली त्याच दिवशी बंद झाली, ती बंदच आहे.

कृतिका अकॅडमीत जाण्याच्या आदल्या दिवशी आली. म्हणाली, आक्का, तुम्ही मुद्दाम विचारलं ना. मी म्हटलं, हो. ती वाकलीच पाया पडायला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठी हो म्हटलं, आणि खरं सांगते, मनापासून म्हटलं.

दिपालीचा कान सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून भरलाय. कॉलेज संपत आलं, आता ग्रॅज्युएट पोरांची जी परीक्षा असते ती देणार आहे. होईल, न होईल, तिच्या नशिबात असेल तसं. ती म्हणते, माय, आते बंद कर. सरांचा क्लास अर्धा रिकामा झालाय, पण चालू आहे, आणि चालू आहे तोवर माझी शेगडीही पेटते. कृतिकाचं भलं देव करो. तिच्या बापाचं मी बघते.