डब्यातलं पाणी

दुष्काळाच्या सालची गोष्ट सांगतो, चहा घेता घेता ऐका. पाथर्डीकडच्या आमच्या वाडीत एका साहेबांनी माझ्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, पावसाचं पाणी साठवायला डबा ठेवला होता. महिन्याला येऊन पाणी तपासायला न्यायचे. त्या महिन्यात एकच सर आली. साहेब आले, जेवायला बसले. मी डबा खाली काढला, तर कोरडा!

बायको म्हणाली, "हिरीच्या खाऱ्या पान्यात डाळ शिजत न्हाई. तुमी येनार म्हनून डब्यातल्या पान्यात शिजवली."

साहेबांचा घास हातातच राहिला. "अहो वहिनी, नमुना होता तो! लांबच्या देशात चाचणीला अणुबाँब फोडतात, त्याचा किरणोत्सारी अंश पावसातून उतरतो. तसला थोडा अंश आभाळात आपसूकही तयार होतो. कुठला किती, ते मोजायचं होतं."

मी डबा खाली ठेवून विचारलं, "साहेब, आता आमी मरतो का?"

"नाही हो आप्पा, अगदी कणभर असतो. माझा महिना मात्र वाया गेला."

मी डाळीकडं बघितलं. मग म्हणालो, "साहेब, पाथर्डीचा टँकर पोचत न्हाई आमच्या वाडीत, आन् त्या लांबच्या देशाचा बाँब पोचला?"