रोशनीला बघायला आलेली माणसं

मी कमलाबाई मेश्राम, वय आधार कार्डावर एकाहत्तर, शिक्षण दुसरी, मूळ गाव वर्ध्याकडचं, हल्ली मुक्काम मुलाकडे, मयूर विहार, दिल्ली. धंद्यापुढे ठाण्यातल्या साहेबांनी घरकाम लिहायला सांगितलं, पण मी नातीच्या एजन्सीत बसते, तेही लिहा. मला हिंदी येते, पण मनातलं नीट सांगायचं तर मराठीच लागते. म्हणून माझ्या मुलाने, दादारावने, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमधले मराठी कारकून गुणवंत बाबू यांना बोलावून आणलं. मी बोलते, ते लिहितात, नंतर हिंदीत करून देतील. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

आधी ती बाईच आली. मागून दोघे पुरुष. रविवार होता, सकाळची वेळ. दादाराव आणि सूनबाई वंदनेला बुद्धविहारात गेले होते, मी गुडघ्यामुळे गेले नव्हते. रोशनी मानेसरला गेली होती, तिला रविवार नसतो. बेल वाजली, दार उघडलं, तर बाईच्या हातात मिठाईचा डबा. चांगल्या घरची वाटली. बोटात अंगठी, अंगावर शाल, बोलणं गोड. मला वाकून नमस्कार केला. आजकाल कोण करतं?

रोशनी ही माझी नात, दादारावची मुलगी. आधी गुडगावला एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये होती. ती नोकरी सोडून गेल्या हिवाळ्यात तिने स्वतःची एजन्सी काढली. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. काम वाढलं की त्यांना दोन-तीन महिन्यांपुरती माणसं लागतात, ती माणसं रोशनी पुरवते. पूर्वी हे काम तिथले जुने ठेकेदार करायचे आणि मुलांच्या पगारातला वाटा स्वतःकडे ठेवायचे. रोशनी ठेवत नाही. म्हणून मुलं त्यांना सोडून तिच्याकडे येतात. आमची पुढची खोली हेच ऑफिस. दारावर पाटी आहे, पाटीवर तिचं नाव आहे. पाटी लावली तेव्हा मी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले, लिफ्टवाल्यालाही दिले. कामाला येणारी मुलं चपला जिन्यात काढतात आणि बस म्हणेपर्यंत उभी राहतात. त्यांना चहा मी देते.

ही माणसं कामासाठी आली नव्हती हे मला लगेच कळलं. बूट घालून आत आली, न सांगता सोफ्यावर बसली आणि घर बघायला लागली. पंखा, पडदे, भिंतीवरचे फोटो. असं कोण बघतं? मुलगी बघायला येणारे बघतात. आमच्या विहारातल्या अलकनंदाताई स्थळं जमवतात. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की गुडगावकडचे लोक आहेत, न कळवता येतील, घाबरू नका. मी घाबरले नाही. मी इतकी खूश झाले की गुडघा दुखायचा थांबला. रोशनी तिशीला आली, साहेब. कामापायी तिने चार स्थळं परत पाठवली.

आलेल्या तिघांनी नावं सांगितली होती. मी पोहे परतत होते, तेव्हा सांगितली. साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, पण मला आठवत नाहीत. गाडी पांढरी होती, वरून एवढंच दिसलं.

बाईने पोहे मागून घेतले. दोघांतला मोठा माणूस कमी बोलत होता, पांढरा शर्ट, फोन टेबलावर उपडा ठेवलेला. तरुण पोरगा बसलाच नाही. तो गॅलरीत उभा राहून खाली गेटकडे आणि पार्किंगकडे बघत होता. मला वाटलं, लाजतोय. मी त्याला अल्बम दाखवायला आणला, तर त्याने एकच विचारलं, तिची स्कूटी कुठली. मी म्हटलं, निळी, पण ती फक्त मेट्रोपर्यंत नेते. मनात म्हटलं, बरं झालं, चौकशी तरी करतोय.

आता, आपल्यात पत्रिका बघत नाहीत. मग मुलीबद्दल सांगायचं काय? तर ती उठते कधी, जाते कुठे, कुणाबरोबर, खाते काय, रागावते का. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आईने हेच सांगितलं होतं. बाई विचारत गेली, मी सांगत गेले. सांगितलं की पहाटेची मेट्रो पकडते. पुढे समाधान गाडी घेऊन उभा असतो. समाधान आमच्याकडचाच मुलगा, तिचा सुपरवायझर, गाडीही तोच चालवतो. नवीन मुलं असली की रोशनी त्यांना स्वतः कारखान्याच्या गेटपर्यंत सोडते, मध्ये कुणी दलाल आडवा येऊ नये म्हणून. गेटच्या अलीकडे पिंपळाखाली टपरी आहे, तिथे गाडी थांबवून सगळ्यांना चहा-पराठा देते. उपाशी पोटी मशीनवर उभं राहायचं नाही, असा तिचा नियम आहे. हे मी कौतुकाने सांगितलं. समोर ड्रायव्हरजवळच बसते, कारण मागे बसली की तिला लहानपणापासून उलटी होते, हेही सांगितलं. बाई हसली. मोठा माणूस म्हणाला, अच्छा.

मग बाईने फोटो मागितला. मी अल्बममधला, तिच्या मैत्रिणीच्या, मयुराच्या लग्नातला काढून दिला, मोरपंखी साडीतला. तो तिचा सगळ्यात चांगला आहे.

दादाराव दुपारी आला तेव्हा मी मिठाई समोर ठेवली आणि स्थळ येऊन गेलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, अलकनंदाताई तर विहारात आमच्या शेजारीच बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, त्या मुद्दाम बोलत नाहीत, आधी जमू दे म्हणतात. मिठाई आम्ही खाल्ली. रोशनीला मी मुद्दामच सांगितलं नाही. ती चिडली असती.

बुधवारी रोशनीला ताप होता, म्हणून समाधान एकटाच नवीन मुलांना घेऊन गेला. टपरीजवळ एका गाडीने त्याची गाडी अडवली. उतरलेल्यांच्या हातात सळ्या होत्या. त्यांनी आधी समोरची सीट बघितली. मग विचारलं, मॅडम कुठे आहेत. समाधान बोलला नाही. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे, तो इस्पितळात आहे, त्याचा जबाब वेगळा घ्यावा. मुलं पळाली, त्यातली काही अजून खोलीवर आलेली नाहीत. जाताना त्या लोकांनी समोरच्या सीटवर फोटो ठेवला. समाधानने तो डाव्या हाताने खिशात घातला आणि संध्याकाळी रोशनी तापातच इस्पितळात गेली तेव्हा तिला दिला.

रोशनी घरी येऊन माझ्यापुढे बसली. म्हणाली, "आजी, हा फोटो तू कुणाला दिलास?"

मी सांगितलं. सगळं, जसं आता सांगते तसंच. टपरीचं सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे बघणं थांबवलं. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोहे तरी चांगले झाले होते ना?"

मी म्हटलं, झाले होते.

दादाराव तिला म्हणाला, बंद कर हे, पाटी काढून टाक, पुन्हा नोकरी बघ. दादाराव इथे केंद्राच्या मंत्रालयात नोकरीला आहे, तो कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. रोशनी म्हणाली, "बाबा, सोमवारी नवीन मुलं रुजू होतायत. घाबरलेली आहेत. त्यांना मीच घेऊन जाणार." त्यानंतर घरात जेवण झालं नाही.

काल मी अलकनंदाताईंना फोन केला. त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. त्यांचे लोक पुढच्या महिन्यात यायचे होते.

साहेब म्हणतात की मिठाई आणणं हा काही गुन्हा नाही, आणि फोटो माँजींनी स्वतःच्या हाताने दिला. ते खरं आहे. मानेसरच्या एका जुन्या ठेकेदाराचं नाव रोशनीने सांगितलं, पण हे त्याचेच लोक कशावरून, असंही साहेबांनी विचारलं. मी त्या तिघांना समोर आणलं तर ओळखीन. बाईला तर पाठमोरीही ओळखीन, तिने ताट स्वतः उचलून ओट्यावर ठेवलं होतं.

वरचा मजकूर गुणवंत बाबूंनी मला सावकाश वाचून दाखवला. तो माझ्याच तोंडचा आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही, सही मी स्वतः करते. एक गोष्ट राहिली होती, ती वाचून झाल्यावर आठवली, म्हणून सहीच्या आधी लिहायला लावली. निघताना बाई अर्ध्या जिन्यातून परत वर आली होती. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "माँजी, अगले इतवार फिर आएँगे. बिटिया को घर पर ही रखिएगा."

मी म्हटलं, ठेवते.

तो रविवार परवा आहे.