सातव्या घरचं पाणी

हसताय? हसा! पण तुम्हाला सांगतो, ग्रंथातली ती ओळ देवाची नाही, माझी आहे, माझी! छापखान्यात पानं लावतो मी. जुन्या प्रतीतली एक ओळ वाळवीनं खाल्लेली, पुढचा मजकूर तर सरकता कामा नये, मग आम्ही काय करतो? मनात येईल ते टाकून जागा धरून ठेवतो, खरी ओळ मिळाली की बदलतो. त्या दिवशी शेजारच्या मावशींशी पाण्यावरून वाजलं होतं, गल्लीतलं सातवं घर त्यांचं, डोकं तापलेलं, टाकलं ठोकून, ‘सातव्या घरचं पाणी पिऊ नये.’ आणि बदलायचं राहिलं की हो... मी फक्त जागा भरली हो!

पुस्तक छापून गेलं गावच्या पंडितांच्या हातात. भर सभेत म्हणतात, “याला एक्सेजेसिस म्हणतात! मूळ ग्रीक शब्द. जे आत आहे, तेच बाहेर काढायचं! पदरचं आत घालणं, ते आयसेजेसिस, ते पाप!” आत घालणारा तिसऱ्या रांगेत बसलाय आणि हा गृहस्थ त्या ओळीतून चाळीस पानं बाहेर काढतोय... चाळीस!

लोक कुठले चाळीस पानं वाचतायत? ओळ तेवढी वाचली. आधी मावशींकडे जाणं-येणं बंद झालं, मग दूधवाला थांबेना. एके दिवशी मावशी चक्कर येऊन पायरीवर कोसळल्या, गल्लीभर माणसं, एक पुढे होईल तर शपथ! मीच उचललं. म्हणतात, “अहो, माझं चुकलं काय?” काय सांगू? मी फक्त जागा भरली हो!

शेवटी सभेत उभा राहिलो. म्हटलं, “ओळ माझी आहे, रागाच्या भरात लिहिली, बाईंचा जीव जाईल, काढा ती!” पंडित डोळे मिटून म्हणतात, “लिहिलीत तुम्ही. पण लिहवून कोणी घेतली?” झालं! लोकांनी हात जोडले... मला! भीती वाटली हो, खरंच भीती वाटली.

तेवढ्यात मागून कोणीतरी किनऱ्या आवाजात, “पण घरं मोजायची कुठल्या टोकाकडून?” पंडितांनी नवी वही उघडली. गल्लीत घरं बारा. दुसऱ्या टोकाकडून मोजलं की सातवं आमचं!

वही अजून भरतेय. तोवर लोकांनी दोन्ही घरं वाळीत टाकलीत, उगाच धोका नको म्हणून. आता मावशी आमचं पाणी पितात, आम्ही त्यांचं. दुसरं देणार कोण?