नऊ कळ्यांचा मोदक

दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे श्रीवर्धनचे एक तात्या आणि त्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या.

"अहो, मोदकाच्या व्हिडिओखाली त्या पोरीला काय लिहिलंत तुम्ही?"

"खरं तेच. मोदकाला नऊच कळ्या? पिशवीला गाठ मारल्यासारखा दिसतोय. आईनं काही शिकवलं नाही वाटतं!"

"तुम्ही जन्मात कधी मोदक वळलाय?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे. चुकीचं दिसलं की मला गप्प बसवत नाही."

"मग स्वतःच्या नावानं लिहा की. 'कोकणचा वाघ' कशाला?"

"नावानं लिहिलं तर लोक ओळखतील ना!"

"अगंबाई, तो गॉगलवाला बघा. अख्खी रांग सोडून पुढे घुसतोय."

"ओ काका, सरका जरा. घाई आहे मला."

"या ना साहेब, या. पुष्कळ जागा आहे. बॅग धरू का तुमची?"

"अहो! त्याला काही बोलत का नाही?"

"जाऊ दे गं. उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा? माझा मोबाइल दे इकडे."

"आता कुणाला लिहिताय?"

"तिलाच. आज घावन घातलेत तिनं. आज सोडत नाही तिला."