ताईंच्या लॉगिनने उघडून पाहा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, रक्तपेढीतले माझे सहकारी, खिडकीवर ड्युटी असल्यामुळे दारातूनच ऐकणारे दोघे, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या ताई,

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. गोड बोलायला माझी ना नाही, पण आज मन थाऱ्यावर नाही. जे तोंडून येईल ते गोड मानून घ्या.

ताईंची सगळी नोकरी त्या खिडकीवर गेली. कुठल्या गटाचं रक्त किती शिल्लक आहे, ते लॅपटॉपवर बघून सांगायचं, हे त्यांचं काम. गेल्या वर्षी हे काम मंदावलं. समोर नातेवाईक ताटकळलेले, आणि ताई पडद्याकडे बघत बसलेल्या. ‘बाई, झोपलात की काय?’ असं लोक तोंडावर बोलायचे. आपण तोंडावर बोललो नाही, एवढंच. पाठीमागे ‘ताई आता थकल्या’ असं कोण म्हणालं नाही?

तक्रार झाली. कॉम्प्युटर विभागाचे साहेब दोनदा आले. (रागावू नका साहेब, पहिल्याच रांगेत बसलात म्हणून नजर जाते.) त्यांनी स्वतःच्या लॉगिनने ब्राउझर उघडला. गाडी सुसाट! ‘मशीन ठणठणीत आहे,’ असा शेरा मारून गेले. मशीन ठणठणीत, मग बिघाड कुणात? उरल्या ताई. त्यांनाही ते पटलं. मुलाला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तपासणीत काही निघालं नाही, तरी शंका जाईना. आपल्या हातून भलतंच रक्त दिलं जाईल, या धास्तीने त्यांनी स्वतःच राजीनामा लिहिला.

काम समजून घ्यायला आज सकाळी मी त्यांच्या जागी बसले. त्यांच्याच लॉगिनने ब्राउझर उघडला, आणि तो हँग झाला. माझ्याही हातात! अध्यक्ष महोदय, मी तर अजून चाळिशीही गाठलेली नाही. मग ब्राउझरला जोडलेलं एकेक एक्स्टेन्शन बंद करत गेले. कार्यालयानेच टाकलेल्या फुकटच्या पीडीएफ प्रोग्रॅमबरोबर जाहिरातींचं एक शेपूट आत शिरलं होतं, नेमकं ताईंच्या लॉगिनमध्ये. ते काढलं, साठलेली कॅशे पुसली, लॅपटॉप रिस्टार्ट केला. शिल्लक रक्ताचं पान क्षणात उघडलं.

ताईंना हाक मारली. त्यांनी क्लिक केलं. पुन्हा केलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

“अगं,” म्हणाल्या, “सहा महिने झाले, मी घरी गॅसला हात लावत नाही. चुकून चालू राहिला तर? नातीला एकटीने सांभाळायचंही सोडलंय.”

मी उठले. ‘अध्यक्षांना सांगते,’ म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला. “नको गं. हॉल सजलाय, फुलं आलीत. आता उगाच शोभा नको.”

ताई, तुमचा शब्द मी आज पहिल्यांदा मोडतेय. मान खाली घालू नका. तुमचं डोकं शाबूत आहे. हे माइकवरून सांगायलाच हवं, कारण कुजबुज याच मंडळींत झाली होती.

अध्यक्ष महोदय, राजीनामा आज संध्याकाळपासून लागू होतो, आणि त्यांच्या जागेवर माझ्या बढतीचं पत्र तुमच्याकडे आहे. ते मी घेणार नाही.

सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. फक्त ताईंच्या हातात पुष्पगुच्छ देण्याआधी त्यांना एकदा विचारा, त्यांना खरंच जायचंय का.