पाठीला बांधलेला हात

विंझरच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना नानांचे कान पुढच्या दोघींच्या बोलण्याला चिकटले.

"धोंडाआत्या, अंगावरनं वारं जाऊन डावा हात लुळा पडल्यापास्नं तुमी भाकर थापली न्हाई?"

"न्हाई गं रत्ना. सून थापायची, म्या गिळायची. मग कालेजची पोरं आली, माज्यासाटी कायतरी बनवाया."

"कागदावर चित्रं काढली आसतील."

"त्यांच्या बाईंनी काढू दिली तर. म्हनाल्या, आदी आपापला डावा हात पाठीला बांधा, मग भाकर थापा."

"जमली?"

"पयली तर कुत्र्यानं माघारी आनून टाकली."

"मग?"

"हात सोडलाच न्हाई पोरांनी. शेवटी परातीखाली चाक बशिवलं, पायानं फिरनारं."

"आन् तुमी?"

धोंडाआत्यांनी दातानं फडक्याची गाठ सोडली. "घे, मोड. माजी हाय."

"मोडवत न्हाई ओ, आत्या."

एसटी आली, थांबली, निघून गेली. नाना त्या गोल भाकरीकडंच बघत होते.